वायफायवर व्हॉट्सॲप, टेलिग्राम बंद करायचं आहे? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासिका, क्लासेस, गांधीबाग-इतवारीतली दुकानं, रामदासपेठेतले दवाखाने, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने अशा ठिकाणची नेटवर्कं मी बसवतो आणि सांभाळतो. मेसेजिंग ॲप बंद करण्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते एका जागी लिहिले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. घाईत असाल तर निदान २, ५ आणि १३ वाचा.

१. आपल्या वायफायवर व्हॉट्सॲप बंद करता येतं का? सरळ हो की नाही सांगा भाऊ.

हो. तुमच्या इंटरनेट जोडणीतून जाणारी ॲपची वाहतूक तुम्ही थांबवू शकता. फोनमधलं ॲप मात्र जागेवरच राहतं, आणि त्यातले जुने मेसेजही दिसत राहतात. ब्लॉक असताना आलेले मेसेज हरवत नाहीत. व्हॉट्सॲप न पोचलेला मेसेज ३० दिवस आपल्या सर्व्हरवर ठेवतं आणि फोन दुसऱ्या नेटवर्कवर गेला की तो येऊन पडतो.

२. सगळ्यांकडे मोबाइल डेटा आहे. वायफाय बंद केलं की पोट्टे जिओवर जाऊन राहिले. मग फायदा काय?

हा प्रश्न आधी स्वतःला विचारा, मगच राउटर उघडा. लोकांनी फोनवर चॅट करू नये एवढाच हेतू असेल तर नेटवर्कवरच्या ब्लॉकचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. तिथे दाराजवळ फोन ठेवायचे कप्पे करा. खर्च कमी आणि परिणाम जास्त.

फायदा होतो तो तीन ठिकाणी. ऑफिसच्या संगणकावरून फाइल व्हॉट्सॲप वेबने बाहेर जाऊ नये असं वाटत असेल तर. सिम नसलेले टॅब किंवा लॅपटॉप वापरात असतील तर. आणि व्हिडिओ फॉरवर्डनी लाइन भरून जाऊन कामाचं सॉफ्टवेअर रखडत असेल तर. या तिसऱ्या कारणासाठी पूर्ण ब्लॉक लागतच नाही. प्रश्न ८ पाहा.

३. त्यापेक्षा सरळ जॅमर लावून टाकला तर?

नाही. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदेशीर आहे, आणि अभ्यासिकेला किंवा दुकानाला अशी परवानगी मिळत नाही. शिवाय जॅमरला तुमची भिंत कळत नाही. शेजारच्या घरात कुणाला झटका आला आणि ११२ लागला नाही, तर त्याची जबाबदारी कोण घेणार? ऑनलाइन सहज मिळतो म्हणून मागवू नका.

४. राउटरच्या 'वेबसाइट ब्लॉक'मध्ये व्हॉट्सॲप डॉट कॉम टाकलं, तरी चालूनच राहिलं. काऊन?

कारण ॲप त्या पत्त्यावर फारसं बोलतच नाही. त्याची खरी ये-जा 'व्हॉट्सॲप डॉट नेट'च्या उपपत्त्यांवर असते. पोर्ट म्हणजे वाहतुकीचं क्रमांक दिलेलं दार. चॅट साधारणपणे टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, दुसरी यूडीपी) पोर्ट ५२२२ वरून चालतं आणि तो अडला की ४४३ वर येतं. ४४३ म्हणजे सगळ्या सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट, तो बंद करता येत नाही.

फायबरवाल्यानं दिलेल्या साध्या डब्यातला 'यूआरएल फिल्टर' बहुतेकदा फक्त जुन्या, उघड्या एचटीटीपी पानांसाठी असतो. एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या, आत काय चाललंय हे त्याला दिसत नाही. त्यामुळे त्या रकान्यात नावं वाढवत बसू नका.

५. मग नेमकं करायचं कसं? पायरी पायरीनं सांगा.

लहान जागेसाठी मी साधारण असं करतो.

आधी डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. जुन्या छोट्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर ॲडगार्ड होम हे डीएनएसचं सॉफ्टवेअर बसवायचं. ते फुकट आहे, आणि त्यात 'ब्लॉक केलेल्या सेवा' या यादीत व्हॉट्सॲप, सिग्नल, डिस्कॉर्ड, व्हायबर यांची बटणं तयार असतात. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) डीएनएस म्हणून याच मशीनचा पत्ता द्यायचा.

मग पळवाटा बुजवायच्या, कारण कुणीही फोनमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस टाकून तुमचा डीएनएस चुकवू शकतो. पोर्ट ५३ वरची सगळी वाहतूक, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, राउटरवरच वळवून आपल्या मशीनकडे आणा. पोर्ट ८५३ बंद करा. अँड्रॉइड ९ पासून आलेलं 'प्रायव्हेट डीएनएस' त्यावरून जातं. हे सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर असलेला फोन मुकाट्यानं साध्या डीएनएसवर येतो. ज्यानं त्यात स्वतः एखादं नाव भरलं असेल त्याच्या फोनवर मात्र 'वायफाय जोडलं आहे, इंटरनेट नाही' असं येईल आणि तो तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल. त्याचं सेटिंग बदलून द्या. ब्राउझरमधून एचटीटीपीएसवर जाणारा डीएनएस थांबवायला प्रसिद्ध पुरवठादारांची नावं यादीत टाका. आयफोनच्या 'प्रायव्हेट रिले'साठी (ब्राउझिंग झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) ॲपलनंच दोन पत्ते जाहीर केले आहेत, 'मास्क' आणि 'मास्क-एच२', दोन्ही आयक्लाउड डॉट कॉमच्या आधी. ते अडवले की आयफोन त्या नेटवर्कपुरतं रिले बंद करायला सांगतो.

त्यानंतर फायरवॉल, म्हणजे कोणती वाहतूक जाऊ द्यायची ते ठरवणारे राउटरचे नियम. बाहेर जाणारा टीसीपी ५२२२ बंद करा. हा एक्सएमपीपी या जुन्या चॅट पद्धतीचाही पोर्ट आहे, म्हणून ऑफिसचा स्वतःचा तसा चॅट सर्व्हर असेल तर त्याला सूट द्या. टेलिग्रामसाठी प्रश्न ६ पाहा.

शेवटी चालू जोडण्या तोडा. ही पायरी लोक विसरतात. नियम लावण्याआधी जुळलेली जोडणी तशीच चालत राहते आणि वाटतं की नियम लागलाच नाही. राउटरमधली कनेक्शनची यादी रिकामी करा किंवा राउटर एकदा बंद-चालू करा.

तपासताना फोन एरोप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा आणि मेसेज पाठवा. घड्याळाचं चिन्ह तसंच राहिलं तर काम झालं. नाहीतर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुमची चाचणी खोटी ठरते.

६. व्हॉट्सॲप बंद झालं, टेलिग्राम का नाही?

टेलिग्रामच्या ॲपमध्ये सर्व्हरचे आयपी (आकडी) पत्ते आतच लिहिलेले असतात. त्याला डीएनएसला विचारावंच लागत नाही. त्यामुळे इथे आयपीचे पट्टेच, म्हणजे सलग पत्त्यांचे गट, अडवावे लागतात. मुख्य पट्टे असे: १४९.१५४.१६०.०/२०, ९१.१०८.४.०/२२, ९१.१०८.८.०/२२, ९१.१०८.१२.०/२२, ९१.१०८.१६.०/२२ आणि ९१.१०८.५६.०/२२. राउटरमध्ये भरताना अर्थात इंग्रजी आकड्यांत भरा. हे पट्टे टेलिग्रामचेच असल्यामुळे दुसरी सेवा बंद पडण्याची भीती नाही. तरी नियम लावण्याआधी अभ्यासिकावाल्यांनी प्रश्न १८ वाचावा.

७. सिग्नल, इन्स्टाग्रामचे मेसेज, अरट्टई, गूगल चॅट?

सिग्नलचं डीएनएसमध्ये नाव अडवून भागतं. इन्स्टाग्रामचे मेसेज ॲपमधून वेगळे काढून भरवशानं अडवता येत नाहीत. अख्खं इन्स्टाग्राम बंद करा किंवा सोडून द्या. अरट्टई हे झोहो कंपनीचं ॲप आहे, म्हणून फक्त त्याचाच पत्ता अडवा. कुणी उत्साहात झोहोचे आयपी पट्टे अडवले तर हिशेबाचं झोहो बुक्स आणि झोहो मेलही जाईल. गूगल चॅट जीमेलमध्येच मिसळलेलं असतं; कंपनीचं वर्कस्पेस खातं असेल तर ते ॲडमिनच्या पानावरून बंद करणं जास्त स्वच्छ.

८. चॅट चालू राहू द्यायचं, फक्त फोटो-व्हिडिओ थांबवायचे. जमतं?

जमतं. व्हॉट्सॲपचा मजकूर आणि त्यातल्या फाइली वेगवेगळ्या सर्व्हरवरून जातात. 'एमएमजी' आणि 'मीडिया'नं सुरू होणारे व्हॉट्सॲप डॉट नेटचे उपपत्ते तेवढे अडवले की मजकूर जातो आणि फोटो गोल फिरत राहतो.

लाइन भरून जाते एवढीच अडचण असेल तर मी तेही करत नाही. प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घालतो आणि बिलिंग किंवा सीसीटीव्हीला अग्रक्रम देतो. लोकांचं काम अडत नाही आणि मालकाचंही.

व्हॉट्सॲप कॉल बंद करायला म्हणून यूडीपी ३४७८ अडवू नका. गूगल मीट, टीम्स आणि झूमही तोच पोर्ट वापरतात, मग मीटिंग अडखळायला लागते.

९. फोनवर चालू द्या, पण ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब नको.

ही मागणी मला सगळ्यात रास्त वाटते, कारण फाइल संगणकातूनच बाहेर जाते. पूर्वी फोन ऑफलाइन गेला की वेबही बंद पडायचं. २०२१ पासून जोडलेली उपकरणं फोनविना चालतात, आणि एका खात्याला अशी ४ उपकरणं जोडता येतात. म्हणून संगणकांचं जाळं फोनपासून वेगळं करा, म्हणजे वेगळा व्हीलॅन, आणि व्हॉट्सॲपचे दोन्ही डोमेन (डॉट कॉम आणि डॉट नेट) फक्त तिथे अडवा. ब्राउझर आणि विंडोजचं ॲप दोन्ही एकदम बंद होतात. पेन ड्राइव्ह उघडा ठेवून हे करण्यात अर्थ नाही, तेही सोबतच पाहा.

१०. दुकानाच्या काउंटरच्या फोनवर ऑर्डर येतात. तो एक सोडून बाकी सगळे बंद करायचे.

इतवारीतून हाच प्रश्न सर्वात जास्त येतो. फोनच्या मॅक पत्त्यावर (वायफायवरचा उपकरणाचा ओळख क्रमांक) सूट देता येते, पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक देतो. नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडलं, फोन बदलला किंवा रीसेट केला की सूट निघून जाण्याची शक्यता असते. त्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये, त्याच नेटवर्कपुरता, 'फोनचा मॅक वापरा' हा पर्याय निवडा. आयफोनवर 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा.

माझी पसंती मात्र दोन वायफाय नावांना आहे. एक धंद्याचं, ज्याचा पासवर्ड मालक आणि काउंटरवरचा माणूस यांनाच ठाऊक. दुसरं बाकीच्यांचं, ज्यावर ब्लॉक. फोन बदलला तरी काही करावं लागत नाही.

११. सकाळी १० ते संध्याकाळी ६ एवढ्याच वेळात बंद ठेवता येईल? मी वेळ टाकली, पण भलत्याच वेळी बंद होऊन राहिलं.

येतं. ॲडगार्ड होममध्ये ब्लॉक कोणत्या वेळी थांबवायचा त्याचं आठवड्याचं वेळापत्रक आहे. राउटरच्या फायरवॉल नियमालाही वेळ देता येते.

भलत्या वेळेचं कारण बहुतेकदा वीज असतं. बहुतेक छोट्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. उन्हाळ्यात वादळ आलं, लाइट गेली आणि आली की राउटर जुन्या तारखेपासून सुरू होतो. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याला दुपार की रात्र हे कळत नाही. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू करा, टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवा, आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला असेल तर सगळं बरोबर साडेपाच तास उशिरानं होतं. त्यावरून दुखणं लगेच ओळखता येतं.

मायक्रोटिक कंपनीचा राउटर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. नियमांच्या यादीत 'फास्टट्रॅक' (चालू जोडण्या बाकी नियम न तपासता पुढे पाठवणारा नियम) आणि 'चालू जोडण्यांना परवानगी' हे वर असतात. तुमचा वेळेचा नियम त्यांच्या खाली असेल तर १० वाजता नव्या जोडण्या अडतील, पण ९:५५ला जुळलेलं चॅट दिवसभर चालेल. नियम वर घ्या आणि ठरलेल्या वेळी जोडण्या साफ करणारी छोटी स्क्रिप्ट लावा.

१२. हुशार पोट्टे व्हीपीएन लावून राहिले. तेही बंद करता येईल ना?

काही प्रमाणात. व्हीपीएन म्हणजे वाहतूक झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय. त्यातल्या वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०, ओपनव्हीपीएनचा ११९४. हे अडवता येतात. पण ४४३ वरून साध्या वेबसाइटसारखं दिसणारं व्हीपीएन छोट्या राउटरला ओळखू येत नाही. शिवाय ॲपमध्येच प्रॉक्सीची (मधल्या सर्व्हरमार्गे जाण्याची) सोय आहे: टेलिग्राममध्ये फार आधीपासून, सिग्नलमध्ये २०२१ पासून, व्हॉट्सॲपमध्ये जानेवारी २०२३ पासून.

आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीचे यूडीपी ५०० आणि ४५०० अडवण्याआधी थांबा. जिओ-एअरटेलचं वायफाय कॉलिंग त्यावरूनच चालतं. तळघरातल्या अभ्यासिकेत किंवा आतल्या गोदामात मोबाइलची रेंज नसते आणि साधा फोनसुद्धा वायफायवरूनच लागतो. तो तोडलात तर मुलाला घरचा फोन लागणार नाही.

किती मागे लागायचं याला मर्यादा ठेवा. रशियानं एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करायला घेतलं, ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो आयपी अडवले, असंबद्ध सेवा बंद पडल्या, टेलिग्राम चालूच राहिलं, आणि जून २०२० मध्ये बंदी उठवावी लागली. एका देशाला जे जमलं नाही ते मानेवाड्याच्या अभ्यासिकेत करायला जाऊ नका. दहातले आठ जण नियम पाळत असतील तर उरलेल्या दोघांशी बसून बोला.

१३. सगळं केलं, तरी काही फोनवर व्हॉट्सॲप चालूच.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी आयपीव्ही४) पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या आयपीव्ही४ सोबत आयपीव्ही६ पत्ताही देतात, आणि फोन तोच आधी वापरतो. बहुतेक राउटरमध्ये आयपीव्ही६ची फायरवॉल वेगळी असते. तुमचे नियम फक्त जुन्या बाजूला लागलेले असतात. दोन्हीकडे नियम लिहा. ते जमत नसेल तर आतल्या जाळ्यात आयपीव्ही६ वाटणं बंद करा. डीएनएसही तपासा: राउटर स्वतःच आयपीव्ही६चा डीएनएस पत्ता वाटत असेल तर फोन तुमच्या ॲडगार्डला विचारतच नाही.

१४. ब्लॉक केल्यापासून दुसरंच काहीतरी बंद पडलं आहे.

तीन नेहमीचे दोषी आहेत.

कुणीतरी ५२२८ अडवलेला असतो. जुन्या याद्यांत हा 'व्हॉट्सॲपचा पोर्ट' म्हणून लिहिलेला सापडतो, पण तो गूगलच्या नोटिफिकेशन सेवेचा आहे. तो गेला की सगळ्याच ॲपच्या सूचना उशिरा येऊ शकतात. आयफोनसाठी तसाच ५२२३. दोन्ही उघडे ठेवा.

दुसरं, मेटाचे, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीचे, सगळे आयपी अडवलेले असतात. मग फेसबुक, इन्स्टाग्राम आणि 'फेसबुकनं लॉगिन' हे सगळं जातं.

तिसरं दुकानदारांसाठी महत्त्वाचं. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर ग्राहकाला व्हॉट्सॲपवर बिल पाठवत असेल तर ते मेटाच्या 'ग्राफ डॉट फेसबुक डॉट कॉम'शी थेट बोलत असू शकतं. सॉफ्टवेअरवाल्याला पत्ता विचारा आणि त्या एका संगणकाला सूट द्या.

१५. ब्लॉक आहे तरी फोनवर 'नवीन मेसेज असू शकतात' असं येतं. गळती आहे का?

नाही. ती सूचना गूगलच्या सेवेतून येते (प्रश्न १४). ॲप जागं होतं, पण मेसेज ओढून आणता येत नाही म्हणून एवढंच सांगतं. तुमचा ब्लॉक नीट चालल्याची ती खूणच समजा.

१६. बंद नको, पण कोण काय लिहितं ते पाहता येईल का?

मजकूर दिसत नाही. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून दोन टोकांमधलं एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मजकूर फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकतात. कोणत्या फोननं कोणत्या सेवेशी किती डेटा वापरला, एवढंच नेटवर्कला कळतं.

काही महागड्या फायरवॉल एचटीटीपीएस उघडून पाहण्याची सोय देतात. त्यासाठी प्रत्येक उपकरणात तुमचं प्रमाणपत्र बसवावं लागतं. व्हॉट्सॲप तरीही उघडत नाही. बाकी बरंच काही मात्र उघडं पडू शकतं, अगदी ब्राउझरमधून केलेलं बँकेचं कामसुद्धा. कर्मचाऱ्यांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या खासगी फोनवर हे करायला मी तयार होत नाही, आणि तुम्हीही कुणाकडून करवून घेऊ नका.

१७. कायद्यानं चालतं का हे? नोटीस लावायची का?

स्वतःच्या नेटवर्कवर काय चालू द्यायचं हे मालक ठरवू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ सरकारच्या आदेशांसाठी आहे. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या संदर्भात १४ मेसेजिंग ॲप त्याखाली बंद झाले होते. तुमच्या वायफायचा त्याच्याशी संबंध नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग (नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत, हे मात्र कारखान्यांनी लक्षात ठेवावं.

नोटीस लावाच. दारावर चार ओळी पुरतात: 'या वायफायवर सकाळी १० ते संध्याकाळी ६ व्हॉट्सॲप व टेलिग्राम बंद असते. कोणते उपकरण कोणत्या सेवेशी जोडले जाते याची नोंद राहते, मजकूर दिसत नाही. तातडीच्या निरोपासाठी काउंटरवरचा फोन वापरावा. अडचण असल्यास व्यवस्थापकांना सांगावे.' न सांगता बंद केलं की लोक नेट खराब आहे असं समजतात आणि दिवसभर राउटर बंद-चालू करत बसतात.

१८. आमची एमपीएससीची अभ्यासिका आहे. टेलिग्राम बंद केलं तर मुलं भांडायला आली. म्हणतात, नोट्स तिथंच आहेत.

मुलांचं बरोबर आहे. चालू घडामोडींच्या पीडीएफ, सराव प्रश्नपत्रिका, उत्तरतालिका, जाहिरातींच्या तारखा हे सगळं आज टेलिग्रामच्या चॅनेलांवर फिरतं. गडचिरोली-गोंदियाहून येऊन नंदनवनला खोली करून राहिलेल्या मुलाला महागडा क्लास परवडत नाही. त्याचा क्लास तिथेच असतो. आणि नेटवर्कला अभ्यासाचं चॅनेल आणि सिनेमाचं चॅनेल यातला फरक कळत नाही. सगळे त्याच आयपी पट्ट्यांमागे असतात.

मी दोन गोष्टी सुचवतो. सकाळी उघडल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीत टेलिग्राम खुलं ठेवा, म्हणजे फाइली उतरवून घेता येतील (वेळ लावण्याबद्दल प्रश्न ११). आणि एका कोपऱ्यात एक सामाईक संगणक व प्रिंटर ठेवा, जिथे कधीही फाइल उघडून छापता येईल. उठताना खात्यातून बाहेर पडायला सांगा. वेळा मुलांना विचारून ठरवा. त्यांनी मान्य केलेला नियम राउटरच्या कोणत्याही नियमापेक्षा जास्त टिकतो.

१९. दवाखान्यात स्टाफ सारखा व्हॉट्सॲपवर. बंद करू का?

मी नको म्हणतो. ईसीजीचा फोटो, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, रात्री घरी असलेल्या डॉक्टरांना विचारणं, हे आपल्याकडे व्हॉट्सॲपवरच होतं. ते आदर्श नाही, पण पर्यायी सोय बसवण्याआधी तोडलं तर पेशंटला झळ पोचते. नातेवाइकांसाठी वेगळं वायफाय द्या आणि वेगाची मर्यादा तिथे घाला. नोंदणीच्या संगणकांसाठी प्रश्न ९ची पद्धत लावा.

२०. पाच-सहा महिने छान चाललं, मग ब्लॉक आपोआप सुटला.

आधी विचारा, मधल्या काळात फायबरवाला येऊन गेला का? जोडणी बिघडली की तो डबा बदलून देतो, आणि नव्या डब्याचा स्वतःचा वायफाय व डीएचसीपी चालू असतो. फोन तुमच्या राउटरऐवजी थेट त्याला जोडले जातात. नव्या डब्याचा वायफाय बंद करा किंवा त्याला ब्रिज मोडमध्ये (फक्त लाइन तुमच्या राउटरकडे पुढे देणं) टाकायला सांगा. तसं नसेल तर ॲडगार्ड चालू आहे का, याद्या अद्ययावत होतात का, आणि टेलिग्रामचे पट्टे बदललेत का ते पाहा. राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल स्वतःजवळ ठेवा, आणि तिच्यासोबत एका कागदावर लिहून ठेवा: कोणता नियम कशासाठी लावला, कोणाला सूट आहे, आणि कोणी मागितली होती.